खेळातला जुगार

आपल्या मासिकाचे मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना दोन्ही वाचता येतात. म्हणून सुरुवात दोन शब्दांनी करतो. मराठीत माणूस चोरी करतो, दारू पितो, पण जुगार मात्र 'खेळतो'. कानडीत तर ही गोष्ट शब्दातच आहे. तेथे जुगाराला 'जूजाट' म्हणतात. 'जूजु' म्हणजे जुगार आणि 'आट' म्हणजे खेळ. जुगार हा खेळाचे कपडे घालून येतो हे आपल्या दोन्ही भाषांनी फार पूर्वीच ओळखले होते. आज मात्र उलटही होऊ लागले आहे. खेळानेच जुगाराचे कपडे चढवले आहेत, आणि हे कपडे इतके रंगीत आहेत की ते कोणाचे आहेत हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

मोबाइलवरील खेळांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, या खेळांनी पिढी बिघडली. आम्ही मुले म्हणतो, नुसता खेळ तर आहे! मला वाटते, दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलतात. मीही हे खेळ खेळतो. चार मित्र चार घरी बसून एका मैदानात उतरतात, एकमेकांना सावध करतात, हरले तर हसतात, यात वाईट काही नाही. प्रश्न खेळण्याचा नाही. खेळत असताना आपण नेमके कोणत्या क्षणी जुगार खेळू लागतो, हा प्रश्न आहे.

हा क्षण ओळखणे सोपे नसते. गणेशोत्सवात मंडपात रात्री जागरण करणाऱ्यांचे उदाहरण घ्या. पहिल्या रात्री पत्ते वेळ जावा म्हणून निघतात. दुसऱ्या रात्री भुईमुगाच्या शेंगा लावल्या जातात. चौथ्या रात्री कोणी तरी म्हणतो, "शेंगांत काय मजा? रुपया-रुपया लावू." पत्ते तेच, माणसे तीच, मंडपही तोच. बदलल्या त्या तीन गोष्टी: खिशातून काही तरी पणाला लागले, निकाल दैवाच्या हाती गेला, आणि जिंकणाऱ्याला काही मिळू लागले. पण, दैव आणि लाभ हे तिन्ही एकत्र आले की खेळाचा जुगार होतो. धर्मराजाचा फासे टाकण्यात दोष नव्हता. पण लावण्याला सीमा उरली नाही, तेथे दोष होता.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो: पैजेचा करार रद्दबातल असतो, आणि पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. याच्याच जोडीला १९५७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला. त्याची हकीकत मोठी मजेची आहे. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे एक साप्ताहिक निघत असे. त्यात बक्षिसाची शब्दकोडी येत आणि त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता. मुंबई सरकारने त्यावर नियंत्रण व कर बसवला, तेव्हा चालक म्हणाले की हा आमचा धंदा आहे आणि धंद्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार नव्हेच, त्यामुळे व्यापाराला मिळणारे संरक्षण त्याला मिळणार नाही. म्हणजे साधे शब्दकोडेसुद्धा जुगार होऊ शकते, हे आपल्या न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वी पाहिले होते.

पुढे १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्त्यांच्या खेळाप्रमाणे केवळ नशिबाचा नव्हे, असा निकाल झाला. त्या दिवसापासून 'कौशल्य' हा शब्द ढालीसारखा वापरात आला. मोबाइलवर पैसे लावून रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघ यांचे खेळ निघाले ते या ढालीच्या आडूनच. आपल्या कर्नाटक सरकारने २०२१ साली कायदा दुरुस्त करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैशाचा पण लावून खेळवायचा ऑनलाइन खेळ, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, चालवण्यास मनाई झाली. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. खेळणाऱ्यास गुन्हेगार धरले नाही. या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. ते काहीही असो, कायदा झाला तेव्हा अनेकांना वाटले की चला, प्रश्न मिटला.

मला तसे वाटत नाही. त्याचे कारण म्हणजे पेटी.

जे हे खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पुष्कळशा खेळांत एक बंद पेटी विकत मिळते. कोठे तिला क्रेट म्हणतात, कोठे पॅक, कोठे चक्र फिरवावे लागते. पैसे आधी द्यायचे. आत काय आहे ते नंतर कळते. बहुधा आतून किरकोळ वस्तू निघते, क्वचित एखादा दुर्मिळ पोशाख किंवा बंदुकीवरची नक्षी निघते. जपानात नाणे टाकल्यावर बंद गोळ्यातून खेळणे देणारी यंत्रे असतात, त्यांच्या नावावरून या पद्धतीला 'गाचा' म्हणतात. आता वरच्या तीन गोष्टी लावून पाहा. पण आहे, दैव आहे, लाभही आहे. फक्त लाभ रोख रकमेत नाही. संसदेच्या कायद्यात पैशाच्या वा अन्य लाभाच्या अपेक्षेने लावलेला पण धरला आहे, पण या पेट्यांचा नावानिशी उल्लेख कोठेही नाही. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये. दोन्ही वेळा सरकारने दिलेले कारण देशाच्या व माहितीच्या सुरक्षिततेचे होते, पेट्यांचे नव्हते. खेळांची नावे बदलत राहिली, पेटी तशीच राहिली.

पेटी काय करते हे मला एका पासबुकात दिसले. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. मी बी. कॉम. ला आहे म्हणून त्या पासबुक घेऊन आल्या. "बघ की रे बाळा, एवढे पैसे कुठं गेले ते. मी तर कुठं काढलेले नाहीत." मी पाहू लागलो. मोठी रक्कम एकही नव्हती. २९ रुपये, ५९ रुपये, पुन्हा २९, पुन्हा ७९. अडीच महिन्यांत अशा साठाहून अधिक नोंदी, आणि बेरीज तीन हजारांच्या वर. त्यांचा मुलगा आठवीत आहे. आईचा मोबाइल त्याच्याच हातात असे आणि पैसे पाठवण्याचे चार आकडेही त्यालाच पाठ होते, कारण काकूंना ते शिकवणारा तोच. मुलगा लबाड नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो रडला नाही की खोटेही बोलला नाही. तो म्हणाला, "दादा, आता निघणारच होतं. दोन वेळा अगदी जवळ येऊन गेलं."

'जवळ येऊन गेलं' हे शब्द ऐकून मी दचकलो. आकडा लावणाऱ्या माणसाच्या तोंडी हेच वाक्य असते. काल सात आला, मी आठ लावला होता. म्हणजे आज येणारच! वस्तुतः सात आणि आठ यांत जवळीक काही नाही; हरलेला पैसा हरलेलाच. पण मन त्याला हार मानत नाही, 'थोडक्यात हुकले' असे मानते आणि पुन्हा खिशात हात घालते. चक्राचा काटा बक्षिसाच्या शेजारी येऊन थांबतो तेव्हा नेमके हेच घडते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळीवर ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळाला की कबूतर थोडे थांबते. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या टोच्याला असा अनिश्चित मिळू लागला की ते न थांबता टोचत राहते, आणि दाणे बंद केले तरी लवकर थांबत नाही. नाणे टाकून फिरवायची जुगाराची यंत्रे या तत्त्वावर चालतात. पेटीही त्याच तत्त्वावर चालते.

आता थोडा हिशेब मांडू. समजा एका पेटीत हवी ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि पेटीची किंमत ५० रुपये आहे. पुष्कळांना वाटते की शंभर पेट्या घेतल्या की वस्तू मिळालीच. तसे नाही. प्रत्येक पेटी स्वतंत्र असते. मागच्या पेटीत काय निघाले याची तिला आठवण नसते. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या घेतल्या, म्हणजे प्रत्येकी ५,००० रुपये घातले, तरी त्यांतील सुमारे ३७ मुले रिकाम्या हातांनी परततील. काही खेळांत ठरावीक पेट्यांनंतर वस्तू हमखास देतात. मग तेवढ्या पेट्यांची बेरीज हीच त्या वस्तूची खरी किंमत झाली. दुकानदाराने शर्टावर ५० रुपयांची चिठ्ठी लावून गल्ल्याशी ४,००० मागितले तर आपण त्याला काय म्हणू?

मटक्याशी तुलना केली तर गंमत कळते. मुंबईत हा धंदा सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले म्हणून त्याला मटका हे नाव पडले. कानडीत त्यालाच 'ओसी', म्हणजे ओपन-क्लोज, म्हणतात. एक आकडा लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये मिळतात. आकडे मात्र दहा असतात. म्हणजे चालवणारा सरासरीने रुपयामागे दहा पैसे ठेवतो. हा धंदा बेकायदा आहे, त्याने घरे बुडवली आहेत, आणि त्याची तरफदारी मी कधीही करणार नाही. पण तेथे जिंकणाऱ्याला निदान रोख रक्कम मिळते. पेटीतून निघालेला पोशाख बहुतेक खेळांत विकताही येत नाही. खेळ बंद पडला की पोशाखही गेला. म्हणजे पण खरा आणि लाभ चित्रातला!

आणखी एक युक्ती पाहा. पेटी रुपयांत विकत नाहीत. आधी रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यायची, मग त्या नाण्यांनी पेटी घ्यायची. कॅसिनोत रोख रकमेऐवजी रंगीत चकत्या देतात त्याचे कारणही हेच. चकती फेकताना हात थरथरत नाही, कारण ती पैशासारखी दिसत नाही. पण कॅसिनोवर निदान दरवाजा तरी आहे. गोवा आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर. तेथे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश नाही. मी वीस वर्षांचा आहे, मतदान करतो, पण मांडवीतल्या त्या बोटीवर मला खेळू देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. मग तेरा वर्षांच्या मुलासमोर तेच चक्र, त्याच चकत्या आणि तेच दिवे उघडे ठेवताना कोणी वय का विचारत नाही?

इतर देशांनी हा प्रश्न विचारला आहे. जपानने २०१२ सालीच, पेट्यांतून निघालेल्या वस्तूंचा संच पुरा केल्यावर मोठे बक्षीस देण्याची पद्धत बंद केली. चीनने २०१७ पासून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली, पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असे सांगितले, आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्या देशातील खेळांतून त्या काढाव्या लागल्या. त्याच वर्षी ब्रिटनमधील झेंडल आणि केर्न्स या अभ्यासकांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी केली. ज्यांना जुगाराची सवय जितकी अधिक जडलेली, तितका त्यांचा पेट्यांवरचा खर्च अधिक, असे तीत आढळले. पेटीमुळे माणूस जुगारी होतो की जुगारी माणूस पेटीकडे ओढला जातो, हे अशा पाहणीवरून सांगता येत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी पेटी आणि जुगार एकाच घरची भावंडे आहेत, एवढे त्यातून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून अमलात आली, जुगाराचा विकार आणि खेळाचा विकार शेजारी-शेजारीच ठेवले आहेत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत तर २०१४ पासून अशा सवयींसाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे.

माझे काही मित्र यावर म्हणतील, "आपल्या पैशाने पेटी घेतली तर बिघडले कोठे? सिनेमाच्या तिकिटाचे पैसे तरी परत कोठे मिळतात?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. सिनेमाचे तिकीट घेताना काय मिळणार आणि किती रुपयांना मिळणार, हे दोन्ही ठाऊक असते. सिनेमा आवडला नाही म्हणून त्याच खिडकीवर पुन्हा पुन्हा तिकीट काढत कोणी उभा राहत नाही. आवडलेला पोशाख कोणी ठरलेल्या किमतीला, भाव लिहून विकत असेल, तर तो घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. माझी तक्रार विक्रीबद्दल नाही, विक्रीत घुसवलेल्या फाशांबद्दल आहे.

दुसरे कोणी म्हणतील, पेट्या घेणारे सगळेच काही पुढे जुगारी होत नाहीत. खरेच आहे, शेंगांवर पत्ते खेळणारे सगळेच घर गहाण टाकत नाहीत. पण सवय वस्तूची लागत नाही, ती धडधडीची लागते; आणि धडधड पुढे दुसरा रस्ता शोधते. आमच्याच वाणिज्य शाखेत पाहा. मागच्या बाकावर बसून ऑप्शन्सचे वर-खाली होणारे आकडे पाहणारी मुले स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरात ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा बाजार कायदेशीर आहे. मालाचा धोका टाळू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा उपयोगही आहे. पण ज्याला ना माल घ्यायचा ना विकायचा, नुसता काटा कोठे थांबतो ते पाहायचे, त्याचे आणि आठवीतल्या त्या मुलाचे चक्र एकच आहे.

मग करावे काय? सरकारने पेटीवर शक्यता छापणे सक्तीचे करावे आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती विकू नये, असे माझे मत आहे. पण सरकारची वाट पाहत बसण्यासाठी आपण मासिक काढत नाही. आपल्या हाती असलेल्या तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, स्नेहसंमेलनात मोबाइलवरील खेळांच्या स्पर्धा घ्याव्यात अशी चर्चा वर्गांतून चालू आहे. त्या जरूर घ्याव्यात. परंतु प्रवेश शुल्काची रास करून ती विजेत्याला देण्याची पद्धत नको. बक्षीस म्हणून पुस्तक किंवा करंडक द्यावा, आणि प्रेक्षकांत 'कोण जिंकणार' यावर चहाचीसुद्धा पैज लावू देऊ नये. शेंगांपासूनच सुरुवात होते, हे वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट, पेटीसाठी मित्राला पैसे उसने देऊ नयेत. वहीसाठी द्या, बसच्या पाससाठी द्या, वडापावसाठी द्या. "अरे, उद्या देतो, आता निघणारच आहे" असे जो म्हणतो, त्याला नाही म्हणणे हेच त्याच्यावरचे प्रेम आहे.

तिसरी गोष्ट आम्हा वाणिज्यवाल्यांच्या धंद्यातली. रोजकीर्द लिहा. ज्या दिवशी खेळात पैसे घातले त्या दिवशी तारीख आणि रक्कम वहीत उतरवा, हिऱ्यांत नव्हे, रुपयांत. महिन्याच्या शेवटी बेरीज करा आणि ती घरात मोठ्याने वाचून दाखवता येते का ते पाहा. खेळाची बेरीज वाचताना जीभ अडखळत नाही. ती अडखळली, तर त्या महिन्यात आपण खेळलो नाही, जुगार खेळलो, असे समजावे. काकूंच्या मुलाबरोबर मी अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्याने पासबुकातल्या सगळ्या नोंदी स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि खाली बेरीज केली. ती पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "दादा, एवढ्या पैशात आईच्या मशीनला मोटर बसली असती का?"

मी म्हणालो, बसली असती.